हे आता ठेवू कुठे?

कपातून टी-बॅग वर काढली की माणूस आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो आणि शेवटी यजमानांकडे बघतो. दोऱ्याला लोंबकळणारी ती ओली पुरचुंडी टपटप गळत असते, डावा तळवा तिच्याखाली धरलेला असतो आणि "हे आता ठेवू कुठे?" हा प्रश्न अगदी ओठांवर आलेला असतो. "ठेवा हो कुठेही, आपलंच घर आहे," असं यजमान म्हणतात. पाहुणा हे खरं मानून हात टीपॉयकडे नेतो, तोच आतून वहिनींचा आवाज येतो, "अहो, बशीत ठेवा, बशीत!" बशी नसते. मगातून चहा दिला की बशी द्यायची नाही, अशी आता रीत पडली आहे. शेवटी बिस्किटांच्या ताटलीतला एक कोपरा रिकामा करून पिशवीची तिथे सोय लावली जाते. पाच मिनिटांत त्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ निघतो आणि रांगेतलं शेवटचं मारी बिस्किट खालून फुगायला लागतं. बिस्किट चहात बुडवायचं हा शिरस्ता. इथे चहाच पाझरत बिस्किटाच्या भेटीला जातो.

टी-बॅगची बाजू घेणारे तिची महती एका दमात सांगतात: गाळणी नको, चोथा नको, पातेलं घासायला नको, झटपट काम. प्रस्तुत लेखकाने या विषयाचा गरजेपेक्षा बराच जास्त विचार केला आहे. (घरातल्यांच्या मते तेवढ्या वेळात चार कप चहा झाला असता, आणि कपही विसळून झाले असते.) त्या विचारमंथनातून निघालेला सिद्धांत असा, की चहाचा पसारा नाहीसा होत नाही, तो फक्त मुक्काम हलवतो. टी-बॅगेने काय केलं, तर तो ओट्यावरून उचलला आणि दिवाणखान्यात आणून बसवला. ओट्यावर होता तेव्हा त्याच्या शेजारी नळ होता, फडकं होतं, केराचा डबा होता आणि मुख्य म्हणजे कोणी बघत नव्हतं. आता तो पाहुण्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर असतो, आणि त्याच्या बंदोबस्ताला कागदी रुमालाची एक चतकोर असते.

हिशेबच मांडू. साध्या चहाला पातेलं, सांडशी, गाळणी आणि चमचा लागतो. चोथा गाळणीत एका जागी शहाण्यासारखा बसतो. गाळणी उलटी करून डब्याच्या कडेवर दोनदा आपटली की विषय संपला. चहा उतू गेला तर शेगडी पुसावी लागते हे मान्य, पण त्यात दोष चहाचा नसतो, फोनवर बोलणाऱ्याचा असतो. आता शताब्दीत पुढ्यात येणारा ट्रे बघा. गरम पाण्याचा छोटा थर्मास, कागदी कप, पाकिटातली टी-बॅग, साखरेची पुडी, दुधाच्या भुकटीची पुडी आणि ढवळायला एक काडी. भुकटीच्या पुडीवर "इथून फाडा" असं जिथे छापलेलं असतं, तिथून ती पुडी आजवर कोणाकडूनही फाटलेली नाही. माणूस आधी नखाने प्रयत्न करतो, मग दातांनी करतो, आणि पुडी एकदाची फाटते तेव्हा निम्मी भुकटी काळ्या पँटवर असते. उरलेली कपात पडून गुठळ्या धरते. तेवढ्यात शेजारचे काका कळकळीने सांगतात, "अहो, तुमची चिठ्ठी बुडाली." म्हणजे दोऱ्याच्या टोकाचं ते रंगीत लेबल. वरून पाणी ओतलं की ते कपात उडी घेतं, हा त्याचा स्वभाव आहे. मग काडीने लेबल शोधायचं, सापडलं की दोन बोटांनी ओढायचं, बोटं भाजली की "हाऽ" करायचं आणि काकांकडे बघून हसायचं. चहा पिऊन झाल्यावर ट्रेमध्ये उरतात दोन रिकाम्या पुड्या, एक पाकीट, या तिघांचे फाडलेले तीन कोपरे, काडी, आणि दोरा-लेबलासकट ती पिशवी. हे कोपरे तर इतके बारीक असतात की ते उचलायला दुसरी काडी लागावी. आणि याला म्हणायचं सुटसुटीत!

हा उद्योग सुरू कोणी केला, हे पाहिलं तर सिद्धांताला पुष्टीच मिळते. अमेरिकेत मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन या दोघींनी १९०१ साली चहाची पत्ती धरून ठेवणाऱ्या सुती जाळीच्या पिशवीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०३ साली त्यांना ते मिळालं. त्यांचा मुद्दा संसारी होता: एका कपासाठी किटलीभर चहा कशाला करायचा आणि उरलेला कशाला फेकायचा? पण नाव झालं ते न्यूयॉर्कचे चहाचे व्यापारी थॉमस सलिवन यांचं. गोष्ट अशी सांगतात की १९०८च्या सुमारास त्यांनी गिऱ्हाइकांना चहाचे नमुने रेशमी पिशव्यांतून धाडले. पिशवी उघडून पत्ती काढून घ्यायची, एवढं साधं काम. गिऱ्हाइकांनी ते केलं नाही. पिशवीच गरम पाण्यात टाकली, आणि वर तक्रार केली म्हणे, की रेशमाची वीण फार घट्ट आहे, चहा नीट उतरत नाही! सलिवनसाहेबांनी निमूटपणे कापड बदललं. पुढे बोस्टनच्या विल्यम हर्मनसन यांनी १९३०च्या सुमारास उष्णतेने चिकटवायच्या कागदी पिशवीचं पेटंट घेतलं, जर्मनीत आडोल्फ राम्बोल्ड यांनी दोन कप्प्यांची पिशवी आणि १९४९ साली ती भराभर बनवणारं यंत्र आणलं, आणि १९५३ साली टेटलीने टी-बॅग ब्रिटनच्या बाजारात उतरवली. एवढी हुशार माणसं अर्धं शतक राबली, पण सगळ्यांनी विचार केला तो पिशवी पाण्यात कशी घालावी याचा. ती बाहेर काढल्यावर काय, हा प्रश्न कोणाच्याही आराखड्यात नाही. अभिमन्यूची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. मिलवॉकीत ती पोचली नसावी.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हा सगळा थेंबाचा कांगावा आहे. थेंब तो केवढा! पण टी-बॅगेचा थेंब साधा नसतो. पिशवीत साधारण दोन ग्रॅम चहा असतो, तोही पत्ती नव्हे तर चुरा आणि भुकटी, कारण तीच लवकर रंग सोडते. ही भुकटी आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन बसते आणि ते एकदम सोडत नाही. कपावर धरली की चार थेंब पडतात, मग पिशवी थांबते. माणसाला वाटतं झालं, आता निथळली. तो तिला कपावरून बाजूला नेतो, आणि कप आणि बशी यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे टेबलक्लॉथच्या वर, पाचवा थेंब पडतो. हा पाचवा थेंब चुकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. चहातलं टॅनिन कापड रंगवायच्या कामी येतं, त्यामुळे पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडलेला हा थेंब पुढच्या दिवाळीतही सापडतो. जग मात्र चहाच्या नको त्या अंगांकडे लक्ष देत बसलं. १९९९ सालची इग नोबेल पारितोषिकं पाहा. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ही दिली जातात. त्या एका वर्षात बिस्किट चहात किती वेळ बुडवावं याच्या गणिताला पारितोषिक मिळालं, किटलीची तोटी गळू नये म्हणून ती कशी असावी याला मिळालं, आणि चहा कसा करावा याचं सहा पानी मानक लिहिल्याबद्दल ब्रिटिश मानक संस्थेला तर साहित्याचं मिळालं. बिस्किट झालं, तोटी झाली, कृती झाली. ओल्या पिशवीचा विचार करायला त्या वर्षीही कोणी रिकामं नव्हतं.

त्या मानकाचं आंतरराष्ट्रीय भावंड म्हणजे आयएसओ ३१०३. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं धीर, असं ते सांगतं. ते चव पारखणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, हे उघडच आहे. आपल्याकडे सहा मिनिटांत मीटिंग संपते. इथला माणूस पाणी ओतल्यावर अर्धं मिनिट थांबतो, मग दोरा धरून पिशवीला खालीवर डुबक्या द्यायला लागतो, आणि रंग मनासारखा येत नाही असं दिसलं की तिला पिळायला घेतो. सगळ्या पसाऱ्याचं मूळ या उतावीळपणात आहे. जी पिशवी चार मिनिटं नुसती पडून राहिली असती तर आपणहून रंग देऊन मोकळी झाली असती, ती आपण दर दोन सेकंदांनी वर काढून बघतो, आणि दर डुबकीला कपाबाहेर एक शिंतोडा पाठवतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूचा. "अहो, त्यालाही साधन निघालंय," असं म्हणून कोणीतरी फोनवर टी-बॅग पिळायचा स्टीलचा चिमटा दाखवतो. चिमटा गोंडस असतो यात वाद नाही. पण तो धुवावा लागतो, त्याच्या भोकांत भुकटी अडकते, ती काढायला दात घासायचा जुना ब्रश लागतो, आणि ओला चिमटा ठेवायला पुन्हा एक ताटली. गाळणी वाचवायला निघालेल्या माणसाच्या हाती शेवटी बिजागरी लावलेली गाळणीच येते. बिनखर्चाची युक्ती म्हणजे पिशवी चमच्यात घ्यायची, दोरा चमच्याभोवती गुंडाळायचा आणि आवळायचा. हे जमलं तर बघणाऱ्यावर चांगली छाप पडते. न जमल्यास दोरा सुटतो, पिशवी कपात आणि लेबल हातात. दोरा पिनेने लावलेला असायचा त्या काळात पिन पोटात जाण्याची धास्तीही होती. २०१७ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पिना बंद करा असा आदेश काढला, मग मुदत वाढवून मिळाली, आणि सरकारी कामाच्या मानाने प्रकरण लवकर मिटलं. आकाराचेही प्रयोग झाले. टेटलीने १९८९ साली गोल पिशवी आणली, पीजी टिप्सने १९९६ साली पिरॅमिड आणला. पिरॅमिडमध्ये पत्तीला हातपाय पसरायला जागा मिळते, म्हणून चहा चांगला उतरतो, हे मान्य करायला हवं. पण तो ठेवायचा कुठे? चपटी पिशवी निदान चमच्यात झोपते, पिरॅमिड घरंगळतो. त्यातून प्लॅस्टिकच्या जाळीची अशी एक पिशवी गरम पाण्यात अब्जावधी सूक्ष्म कण सोडते, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली सांगितलं. तेव्हापासून पुरचुंडी गळत असतानाच ही बातमी ऐकवणारा एक जण प्रत्येक कचेरीत असतोच.

सगळ्यात वजनदार आक्षेप विलायतेहून येतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये टी-बॅगचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी होता, तो २००७पर्यंत ९६ टक्क्यांवर गेला. एवढं मोठं चहाबाज राष्ट्र काय खुळं आहे? मुळीच नाही. पण ते लोक पिशवी वापरतात कुठे, ते पाहायला हवं. इंग्रज माणूस स्वयंपाकघरात उभा राहून मगात पिशवी टाकतो. बहुतेक वेळा तिला ना दोरा असतो, ना लेबल. पाणी ओततो, चमच्याने पिशवी मगाच्या कडेला दाबतो, हाताशी असलेल्या डब्यात भिरकावतो, दूध घालतो आणि फक्त चहा घेऊन बाहेर येतो. पाहुण्याला पिशवीचं दर्शनही होत नाही. म्हणजे त्यांनीही पसारा ओट्यावरच ठेवला! आपण मात्र कप, पाणी आणि पिशवी असे सुटे भाग ट्रेमध्ये मांडून पाहुण्यासमोर ठेवतो आणि जुळवणीचं काम त्याच्यावर सोपवतो. बरं, याचं खापर इंग्रजांवर फोडायचीही सोय राहिलेली नाही, कारण २००० साली टाटा टीने ती टेटलीच विकत घेतली.

सुटे भाग देण्यामागे आदर असतो, असं कोणी म्हणेल. ज्याला जसा हवा तसा त्याने करून घ्यावा: कडक हवा त्याने कडक, फिका हवा त्याने फिका. युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण तो आपल्या चहाला लागू पडत नाही. आपला चहा आलं ठेचून, गवती चहाची पात मोडून, दूध घालून उकळायचा असतो. टी-बॅगवर गार दूध पडलं की पाणी निवतं आणि रंग उतरायचा जवळजवळ थांबतो. मग पाहुणा म्हणतो, "फिका झाला, नाही?" यजमान म्हणतात, "अजून एक बॅग घ्या ना." आता दोन ओल्या पिशव्या आणि ठेवायचा कोपरा एकच. काही घरांत याच्यावर स्वदेशी तोडगा काढलेला असतो: पिशव्या सरळ पातेल्यात टाकून आल्याबरोबर उकळायच्या. त्यातली एखादी उकळीत फुटतेच, आणि मग टी-बॅगचा चहा गाळून घ्यावा लागतो. त्याहून प्रामाणिक घरं दिवाळीत भेट आलेला टी-बॅगचा खोका उघडतात, कात्रीने एकेक पिशवी कापतात आणि भुकटी चहाच्या डब्यात रिकामी करतात. ज्या पिशवीसाठी हर्मनसन आणि राम्बोल्ड झिजले, तिची अशी गत. पण चहा, खरं सांगायचं तर, झकास होतो.

याचा अर्थ टी-बॅग हद्दपार करावी असा नव्हे. लॉजच्या खोलीत रात्री एकट्याला चहाची तल्लफ आली, होस्टेलवर शेगडी लावायला बंदी आहे, कचेरीतल्या यंत्राचा चहा ओळखू येत नाही, अशा वेळी लॉसन-मॅक्लारेनबाईंचं म्हणणं शंभर टक्के पटतं: एक माणूस, एक कप, एक पिशवी. फक्त काही गोष्टी सांभाळाव्यात. पाणी ओतण्याआधी दोरा कपाच्या कानाला एक वेढा देऊन अडकवावा, म्हणजे चिठ्ठी बुडत नाही. पाणी खळखळ उकळलेलं असावं, नाहीतर पुढचा सगळा खेळ पिळण्यावर येतो. डुबक्या न देता चार मिनिटं दुसरीकडे बघावं. हे सर्वांत अवघड. पिशवी कपाच्या आतच, कडेला, चमच्याने दाबावी, हळूहळू वर घ्यावी आणि पाचवा थेंब पडेपर्यंत कपावरून हलवू नये. साखर आणि दूध त्यानंतर, नाहीतर ढवळताना दोरा चमच्याला असा गुंडाळला जातो की दोन्ही एकदमच बाहेर येतात. आणि चारचौघांसाठी करायचा असेल तर पिशव्या स्वयंपाकघरातच किटलीत घालाव्यात, तिथेच काढाव्यात आणि बाहेर नुसता चहा न्यावा. यावर सुज्ञ गृहिणी विचारेल, "मग किटलीत साधी पत्ती का नको?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नाही, आणि टी-बॅगवाल्यांजवळही नसावं.

एवढं करूनही पाहुण्यासमोर पिशवी ठेवायचीच असेल, तर तिच्या सोबत एक रिकामी वाटी ठेवावी. चिमटा, पिरॅमिड, दोऱ्याची कसरत या सगळ्यांपेक्षा ती स्वस्त पडते. अडचण एकच आहे. रिकामी वाटी बघून पाहुणा म्हणतो, "अहो, यात वाढायचं राहिलं वाटतं." वहिनी घाईघाईने तिच्यात चिवडा घालतात, आणि पिशवी पुन्हा दोऱ्याला लोंबकळत राहते. म्हणून वाटीत आधीच एक वापरलेली पिशवी ठेवून द्यावी, म्हणजे तिचं प्रयोजन न सांगता कळतं. संध्याकाळी या पिशव्या कुंडीत टाकाव्यात, गुलाबाला चहाचा चोथा मानवतो, असं बागेची हौस असलेले सांगतात. त्यांचंही ऐकावं. मात्र पुष्कळशा पिशव्यांचा कागद चिकटवायला त्यात प्लॅस्टिकचे धागे मिसळलेले असतात आणि ते मातीत कुजत नाहीत. तेव्हा कुंडीपाशी बसून एकेक ओली पिशवी नखाने फाडायची, चोथा मातीत पसरायचा, रिकामा कागद, दोरा आणि लेबल वेगवेगळं करायचं, ओल्या कचऱ्यात काय आणि सुक्यात काय यावर घरात वाद घालायचा, आणि हे सगळं होईस्तोवर दहाही बोटं तपकिरी झालेली असतात. बाल्कनीत नळ नसतो. माणूस हात अधांतरी धरून आत वळतो आणि कोपराने दाराची कडी काढायला बघतो.